क्राउन-पिनियन बदलून अश्वशक्ती वाढत नाही

महोदय,

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत मालवाहू ट्रकच्या खरेदीबाबत प्रसिद्ध झालेल्या लेखात, घाटरस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचे क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांकडे जोर पोहोचवणारी दातेरी चाकांची जोडी, बदलून घेतल्यास ‘गाडीची हॉर्सपॉवर वाढते’, असे विधान आहे. लेखाचा बाकीचा भाग, विशेषतः हप्ते आणि टायरचा खर्च यांचा हिशेब, गाडीमालकांच्या खरोखर उपयोगाचा आहे. हे एक वाक्य मात्र चुकीचे आहे, आणि ते छापून आल्यामुळे अधिक विश्वासार्ह वाटण्याचा धोका आहे. कारण हेच वाक्य गॅरेजमध्ये, ट्रक टर्मिनलवर आणि कधीकधी विक्रेत्याच्या टेबलावरही निरनिराळ्या रूपांत ऐकू येते व त्यावर विसंबून लोक पैसे खर्च करतात. म्हणून हा खुलासा जरा सविस्तर करावा लागत आहे.

इंजिनाचा फिरवण्याचा जोर म्हणजे टॉर्क, आणि तो जोर मिनिटाला किती फेऱ्यांनिशी मिळतो हे लक्षात घेतले की जी मिळते ती अश्वशक्ती. या दोहोंचे नाते अगदी साध्या गुणाकाराचे आहे. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ७,०२४ ने भागले की मेट्रिक अश्वशक्ती मिळते. उदाहरणासाठी आपण एक दहाचाकी, २५ टन पासिंगची (म्हणजे मालासह एकूण २५ टन वजनाला परवानगी असलेली) गाडी धरू. तिचे इंजिन १,५०० फेऱ्यांना ६५० न्यूटन-मीटर हा आपला सर्वाधिक टॉर्क देते आणि २,५०० फेऱ्यांना १८० अश्वशक्ती देते, असे समजू. या दोन आकड्यांतच एक गोष्ट दडलेली आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: सर्वाधिक टॉर्कच्या ठिकाणी, म्हणजे १,५०० फेऱ्यांना, हे इंजिन केवळ १३९ अश्वशक्ती देत असते; आणि सर्वाधिक अश्वशक्तीच्या ठिकाणी त्याचा टॉर्क ५०६ न्यूटन-मीटरपर्यंत उतरलेला असतो. इंजिनाचा जोर आणि इंजिनाची शक्ती एकाच वेळी शिखरावर नसतात.

आता मागच्या हाउसिंगकडे वळू. गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या, टोकाला असलेले छोटे पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला फिरवते. पिनियनला ७ दाते आणि क्राउनला ४१ दाते असतील तर गुणोत्तर ५.८५७ होते, आणि पिनियनला ६ दाते असतील तर ६.८३३. हे दोन्ही आकडे आपल्याकडच्या ट्रकमालकांच्या परिचयाचे आहेत. (४१ ही मूळ संख्या असल्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भेटतो आणि झीज सारखी होते; आकडा असा अवघड दिसण्यामागचे एक कारण हे आहे.) ५.८५७ ऐवजी ६.८३३ बसवले की चाकावरचा टॉर्क सातास सहा या प्रमाणात, म्हणजे एक षष्ठांशाने वाढतो. त्याच वेळी, इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांना चाके एक सप्तमांशाने कमी फिरतात. टॉर्क जितक्या पटीने वाढला तितक्याच पटीने फेऱ्या घटल्या, आणि त्यांचा गुणाकार होता तेवढाच राहिला. हा गुणाकार म्हणजेच अश्वशक्ती. लांब पहारीने जड दगड हलतो खरा, पण पहारीचे वरचे टोक हातभर दाबावे तेव्हा दगड बोटभर उचलला जातो. हाताने केलेले काम त्यामुळे वाढत नाही. उलट क्राउन-पिनियनच्या दात्यांतील घर्षणात आणि डिफरन्शियलच्या (दोन्ही बाजूंच्या चाकांत जोर वाटणाऱ्या यंत्रणेच्या) तेलात थोडी शक्ती नेहमी खर्चच होत असते. इंजिनापासून टायरपर्यंत पोहोचताना सुमारे दहा-बारा टक्के अश्वशक्ती वाटेत गळते, असे धरणे व्यवहारात योग्य ठरते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ट्रकमध्ये नव्हे, तर आपल्या रेल्वेत सापडतो. मालगाड्यांसाठीचे डब्ल्यूएजी-९ आणि प्रवासी गाड्यांसाठीचे डब्ल्यूएपी-७ ही विद्युत इंजिने एकाच घराण्यातली आहेत. चित्तरंजनच्या कारखान्यात डब्ल्यूएपी-७ तयार झाले ते मालगाडीच्या इंजिनाचे दात्यांचे गुणोत्तर बदलून. दोघांची शक्ती ६ हजार अश्वशक्तीच्या थोडी वर, म्हणजे जवळपास सारखीच आहे. मालगाडीच्या इंजिनात ७७ ला १५ अशी दात्यांची जोडी आहे, प्रवासी इंजिनात ७२ ला २०. एवढ्या फरकाने पहिल्याचा सुरुवातीचा ओढण्याचा जोर सुमारे ४६० किलोन्यूटन होतो आणि दुसऱ्याचा सुमारे ३२३; पहिल्याचा कमाल वेग ताशी १०० किलोमीटर राहतो आणि दुसऱ्याचा १४०. जोर आणि वेग यांची अदलाबदल झाली, शक्ती मात्र जागच्या जागी राहिली. कर्जतहून लोणावळ्याकडे आणि कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना, जेथे लोहमार्ग ३७ मीटरला १ मीटर असा चढतो, तेथे रेल्वे दाते बदलत बसत नाही. ती गाडीला जादा इंजिने, म्हणजेच बँकर, जोडते. चढावर वेग टिकवायचा तर अश्वशक्तीच वाढवावी लागते, हे रेल्वेने फार पूर्वी ओळखलेले आहे.

हाच हिशेब आपल्या २५ टनांच्या गाडीला लावून पाहू. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची क्षमता. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ आपल्या घाटांत काही विशेष नव्हे. अशा चढावर २५ टनांची गाडी मागे खेचली जाते ती १,२५० किलोच्या जोराने. त्यात टायरच्या घरंगळण्याचा अडथळा म्हणून सुमारे २०० किलो मिळवले की इंजिनाला १,४५० किलोशी झुंजायचे असते. वाटेतली गळती वजा जाता १८० पैकी साधारण १५८ अश्वशक्ती चाकांपर्यंत पोहोचते. १५८ ला ७५ ने गुणून १,४५० ने भागल्यास सेकंदाला ८.२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणतीस किलोमीटर हा वेग येतो. या हिशेबात अ‍ॅक्सलच्या गुणोत्तराचा कोठेही उल्लेख नाही, आणि मुद्दा नेमका तोच आहे. मागे कोणतेही क्राउन-पिनियन बसवा, या वजनाची, या इंजिनाची गाडी त्या चढावर ताशी तीस किलोमीटरपेक्षा वेगाने जाऊच शकत नाही.

आपल्याकडे गाड्यांच्या नावांतच हा हिशेब अर्धा लिहिलेला असे, ही गंमत नव्या पिढीच्या मालकांना ठाऊक असेलच असे नाही. १६१३ म्हणजे १६ टन आणि १३० अश्वशक्ती. २५१८ म्हणजे २५ टन आणि १८०. ३११८ आणि ४०१८ या गाड्यांत वजन वाढत गेले, पण शेवटचे दोन आकडे १८ च राहिले. वरच्याच पद्धतीने त्याच पाच टक्के चढाचे गणित केले तर ३१ टनांच्या गाडीचा वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत येतो आणि ४० टनांच्या गाडीचा साडेअठराच्या आसपास. कसारा घाटात किंवा खंबाटकीत एका ट्रकच्या मागे लागलेली रांग ही बहुतेक वेळा टनामागे किती अश्वशक्ती आहे याची रांग असते. आणि २५ टन पासिंगच्या गाडीत ३५ टन भरून ‘गाडी चढत नाही’ अशी तक्रार घेऊन मालक येतो, तेव्हा त्याला क्राउन-पिनियन बदलण्याचा सल्ला देणे म्हणजे रोगाला सोडून भलत्यालाच औषध देणे होय. तसल्या वजनाला ती गाडी ताशी २१ किलोमीटरने चढणार. दाते बदलून फार तर ती थांबलेल्या जागेवरून हलेल.

येथे वाचक रास्तपणे विचारतील की मग अ‍ॅक्सलच्या गुणोत्तराला काहीच महत्त्व नाही का. महत्त्व पुष्कळ आहे, फक्त ते निराळ्या ठिकाणी आहे. अश्वशक्ती इंजिन निर्माण करते. गुणोत्तर फक्त एवढे ठरवते की विशिष्ट वेगाला इंजिन किती फेऱ्यांवर असेल आणि त्यामुळे आपल्या शक्तीपैकी किती भाग ते त्या क्षणी देऊ शकेल. उदाहरणातील गाडीच्या टायरचा घेर सव्वातीन मीटर, तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.४ आणि चौथ्याचे १.५ धरू. पाच टक्के चढावर ६.८३३ चे अ‍ॅक्सल असलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जवळजवळ २,५०० फेऱ्यांवर, म्हणजे नेमकी सर्वाधिक शक्तीच्या ठिकाणी, ताशी एकोणतीस किलोमीटरने चढते. ५.८५७ ची गाडी त्याच गिअरमध्ये तेवढा वेग धरू पाहते तेव्हा इंजिन २,१०० च्या आसपास असते आणि तेथे लागणारा टॉर्क त्याच्याजवळ नसतो. म्हणून फेऱ्या उतरत उतरत १,९०० च्या जवळ येतात व गाडी ताशी सव्वीस-सत्तावीसवर स्थिर होते. म्हणजे ‘ताकदवान’ समजल्या जाणाऱ्या अ‍ॅक्सलने तीनेक किलोमीटर मिळवले. ते नवीन शक्ती निर्माण करून नव्हे, तर असलेली शक्ती पूर्ण वापरू देऊन.

पण चढ पाचाऐवजी चार टक्के असला की चित्र उलटते, आणि ही गोष्ट अनुभवी चालकांनाही चकित करणारी आहे. चार टक्क्यांवर गाडीची शक्ती पस्तीसच्या वेगाला पुरेशी असते. ५.८५७ ची गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ताशी चौतीस-पस्तीस गाठते. ६.८३३ ची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसच्या आतच २,५०० फेऱ्यांना टेकते. पुढे इंजिन तिला जाऊ देत नाही, आणि चौथा गिअर टाकावा तर तेथे ६७५ न्यूटन-मीटर लागतात, जे या इंजिनाजवळ मुळातच नाहीत. परिणामी ती इंजिन ओरडवत तीसवरच अडकून राहते आणि ‘कमी ताकदीची’ म्हटली गेलेली गाडी तिला मागे टाकून जाते. नऊ किंवा अधिक गिअर असलेल्या आजच्या गाड्यांत दोन गिअरमधले अंतर कमी असल्यामुळे हा फरक पुष्कळ कमी होतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याचा अर्थ इतकाच की चांगला गिअरबॉक्स असला की अ‍ॅक्सलच्या गुणोत्तरावरचा भार हलका होतो.

मोठ्या गुणोत्तराचा खरा आणि निर्विवाद फायदा थांबलेल्या गाडीला हलवताना दिसतो. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ७ धरल्यास ५.८५७ च्या अ‍ॅक्सलवर चाकांच्या ठिकाणी जास्तीत जास्त सुमारे ४,६०० किलोचा जोर मिळतो आणि ६.८३३ वर सुमारे ५,४०० किलोचा. खाणीतल्या चढावर भरलेला टिपर किंवा घाटातल्या वळणावर कोंडीत वारंवार थांबणारी गाडी यांना हा फरक जीवाभावाचा वाटतो, कारण तेथे क्लच जळण्यापासून वाचतो. याच कारणाने टिपरना मोठ्या गुणोत्तराची अ‍ॅक्सल दिली जातात. मात्र गुणोत्तर वाढवताना पिनियनचे दाते कमी करावे लागतात, पिनियन लहान होते आणि त्याचे दाते कमकुवत होत जातात. म्हणून फारच जड कामाच्या गाड्यांत एकट्या क्राउन-पिनियनवर सगळा बोजा न टाकता चाकाच्या हबमध्ये गिअरची आणखी एक पायरी ठेवतात.

या जोरालाही एक मर्यादा आहे आणि ती जमिनीवर आहे, गाडीत नाही. दहाचाकी गाडीत मागच्या दोन अ‍ॅक्सलपैकी एकाच अ‍ॅक्सलला जोर मिळत असेल तर त्या अ‍ॅक्सलवर साधारण साडेनऊ-दहा टन वजन असते. कोरड्या डांबरावर टायर त्या वजनाच्या सात दशांशापर्यंत पकड धरतो, म्हणजे सहा-सात टनांचा जोर सहज पेलतो. पावसाळ्यात कोकणातल्या लाल चिखलात किंवा गळीत हंगामात ओल्या रानातून उसाची गाडी बाहेर काढताना ही पकड तीन दशांशावर आली, तर तीन टनांहून अधिक जोर टायर जमिनीला देऊच शकत नाही. तेथे ४,६०० आणि ५,४०० मधला फरक निरर्थक ठरतो. दोन्ही गाड्यांची चाके जागच्या जागी गरगरतात. अशा मालकाने पैसे क्राउन-पिनियनवर न घालता डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरायला लावणारी सोय) असलेली किंवा दोन्ही मागील अ‍ॅक्सलना जोर मिळणारी गाडी पाहावी.

सपाट रस्त्यावर मोठे गुणोत्तर निव्वळ खर्चाचे असते. ताशी ६० किलोमीटरने सपाटीवर जाताना आपल्या २५ टनांच्या गाडीला हवेचा व टायरचा अडथळा मिळून ऐंशीच्या आसपास अश्वशक्ती पुरते, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या क्षमतेहूनही कमी. ही शक्ती टॉप गिअरमध्ये ५.८५७ चे अ‍ॅक्सल १,८०० फेऱ्यांवर मिळवते आणि ६.८३३ चे २,१०० फेऱ्यांवर. काम तेवढेच, पण इंजिनाच्या स्वतःच्या पिस्टनचे, पंपांचे आणि पंख्याचे घर्षण प्रत्येक फेरीमागे डिझेल खात असते, त्यामुळे फेऱ्या वाढल्या की अ‍ॅव्हरेज पडते. युरोपात लांब पल्ल्याच्या ट्रकना २.६ किंवा त्याहूनही लहान गुणोत्तराची अ‍ॅक्सल दिलेली असतात ती याचसाठी: तेथली मोठी इंजिने हजार-अकराशे फेऱ्यांनाच भरपूर टॉर्क देतात, आणि इंजिन संथ ठेवून डिझेल वाचवता येते. बीएस-६ ही प्रदूषणमानके आल्यानंतर, म्हणजे एप्रिल २०२० पासून, आपल्याकडच्या नव्या गाड्यांतही कमी फेऱ्यांना अधिक टॉर्क देणारी इंजिने आणि लहान गुणोत्तरे यांची जोडी दिसू लागली आहे. त्याची किंमत प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या क्रॉसना (सांध्यांना) मोजावी लागते, कारण तेवढीच शक्ती कमी फेऱ्यांनी न्यायची तर शाफ्टवरचा पीळ वाढतो; जुन्या गाडीत नुसते लहान गुणोत्तराचे क्राउन-पिनियन टाकून ‘अ‍ॅव्हरेज काढू’ पाहणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आणखी एक बाजू आपल्या लेखात मुळीच आलेली नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने मला ती चढापेक्षाही महत्त्वाची वाटते. ती आहे उताराची. नाशिककडून भरलेली गाडी कसारा घाट उतरते तेव्हा पाच टक्के उतारावर ताशी ३० किलोमीटरचा वेग कायम राखण्यासाठी सुमारे ११५ अश्वशक्तीइतकी शक्ती सतत शोषून घ्यावी लागते; वेग ५० झाला तर हाच आकडा १९० च्या पुढे जातो, म्हणजे इंजिनाच्या पूर्ण शक्तीहून अधिक. ही उष्णता एक तर ब्रेकच्या ड्रममध्ये जाते किंवा इंजिन व एक्झॉस्ट ब्रेक ती अडवतात. इंजिनाचा रोध चाकापर्यंत पोहोचताना त्याच क्राउन-पिनियनमधून जातो आणि त्याच पटीने वाढतो. म्हणून ६.८३३ ची गाडी एखाद्या गिअरमध्ये जेवढी धरून ठेवते तेवढी ५.८५७ ची गाडी त्याच गिअरमध्ये धरत नाही. तिला एक गिअर खाली घ्यावा लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर, हा जुन्या चालकांचा दंडक त्यांनी चालवलेल्या गाडीपुरता अचूक असतो. पण चालक एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जातो, तिचे गुणोत्तर वेगळे असते, आणि ते त्याला कोणीही सांगितलेले नसते.

मालकांनी परस्पर केलेल्या बदलाचा एक परिणाम याहून गंभीर आहे. बहुतेक ट्रकमध्ये वेग मोजणारा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असतो. त्याला मागच्या अ‍ॅक्सलमध्ये काय बदलले आहे याचा पत्ता नसतो. ६.८३३ च्या जागी ५.८५७ बसवले आणि नियंत्रण संगणकात तशी नोंद केली नाही, तर मीटर ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ७० ने धावत असेल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११८ नुसार मालवाहू वाहनांसाठी ताशी ८० किलोमीटरवर लावलेला वेगनियंत्रक अशा गाडीला ९३ पर्यंत जाऊ देईल, आणि डंपर व टँकर यांच्यासाठीची ६० ची मर्यादा ७० होऊन बसेल. नोंदणी पुस्तिकेत वजन, चाकांमधले अंतर, इंजिनाचे आकारमान यांच्या नोंदी असतात, पण अ‍ॅक्सलचे गुणोत्तर नसते. त्यामुळे तपासणी करणाऱ्या निरीक्षकालाही हा बदल कागदावरून कळण्याचा मार्ग नाही. क्राउन आणि पिनियन ही कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते, तिच्यातले एक जुने आणि एक नवे असा जोडा लावता येत नाही, आणि दोन्ही मागील अ‍ॅक्सलना जोर असलेल्या गाडीत दोन्हींचे गुणोत्तर सारखेच असावे लागते, या गोष्टीही रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये सर्रास दुर्लक्षिल्या जातात. बदल करायचाच असेल तर तो उत्पादकाने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या गुणोत्तरांपैकी असावा, अधिकृत कार्यशाळेत व्हावा, आणि मीटर व वेगनियंत्रकाची जुळणी पुन्हा करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

या पार्श्वभूमीवर आपल्याला एक विनंती करावीशी वाटते. पुरवणीतील तुलनात्मक तक्त्यात प्रत्येक ट्रकची किंमत, अश्वशक्ती, टॉर्क आणि टाकीची क्षमता दिलेली असते. त्यात टनामागे अश्वशक्ती हा एक रकाना वाढवावा, कारण घाटात गाडी कशी चढेल हे सांगणारा तो सर्वांत प्रामाणिक आकडा आहे. दुसरा रकाना अ‍ॅक्सलच्या गुणोत्तराचा असावा, आणि एकाच गाडीला दोन-तीन गुणोत्तरे उपलब्ध असतील तर ती सर्व द्यावीत. विदर्भातल्या सपाट महामार्गावर लांब पल्ल्याचा माल नेणाऱ्याने आणि करूळ किंवा फोंडा घाटातून रोज ये-जा करणाऱ्याने एकच गुणोत्तर निवडण्याचे काही कारण नाही, पण निवड करता येते हेच पुष्कळांना माहीत नसते. टॉर्कचा आकडा देताना तो कोणत्या फेऱ्यांपासून कोणत्या फेऱ्यांपर्यंत मिळतो हेही छापावे, कारण १,००० ते १,६०० पर्यंत टिकणारा टॉर्क आणि १,५०० ला क्षणभर शिखर गाठणारा टॉर्क यांत चढावर जमीनअस्मानाचा फरक पडतो. आणि गुणोत्तराशेजारी टायरचे माप अवश्य असावे: १०.००-२० ऐवजी ९.००-२० चे टायर लावले तरी घेर तीनेक टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे दात्यांना हात न लावताही गुणोत्तर तेवढ्याने वाढल्यासारखे होते. टायरचे माप नसेल, तर त्या रकान्यातल्या ५.८५७ वरून गाडी साठच्या वेगाला किती फेऱ्यांवर चालेल हे वाचकाला काढता येणार नाही.

आपला,
ऑटोमोबाईल अभियांत्रिकीचा एक निवृत्त अधिव्याख्याता,
नाशिक